एका फोटॉनचं काम तिघांनी केलं! लेझर धातूतून इलेक्ट्रॉन कसा उडवतो?

टंगस्टनच्या तुकड्यावर लाल दिवा लावा. दिवा कितीही मोठा घ्या, प्रकाशाच्या धक्क्याने एकही इलेक्ट्रॉन बाहेर पडणार नाही. अतिनील प्रकाश मात्र मंद असला तरी इलेक्ट्रॉन उडवतो. असा परिणाम 1887 मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांच्या लक्षात आला आणि 1905 मध्ये आइन्स्टाईन यांनी त्याचं कारण सांगितलं. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि एक फोटॉन एकाच इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतो. फोटॉनच कमजोर असेल तर गर्दी करून उपयोग नाही. (आइन्स्टाईन यांना 1921 चं नोबेल याच कामासाठी मिळालं, सापेक्षतावादासाठी नाही.)

मग लेझर आला आणि गर्दीचाही उपयोग व्हायला लागला.

टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण 4.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. 800 नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरचा एक फोटॉन देतो फक्त 1.55. पण असे तीन फोटॉन एकदमच धडकले तर बेरीज होते 4.65, आणि इलेक्ट्रॉन सुटतो! एकाहून जास्त फोटॉन एकत्र शोषले जाऊ शकतात, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 मध्येच कागदावर मांडलं होतं. तेव्हा लेझरचा पत्ताही नव्हता.

अडचण एकच. तिघांची वेळ जुळायला प्रकाश भयानक तीव्र हवा, आणि तसा झोत सतत मारला तर धातूच वितळेल. म्हणून स्पंद छोटा ठेवतात. 1 मायक्रोजूल ऊर्जा 30 फेम्टोसेकंदांत कोंबली, तर त्या क्षणाची शक्ती 3 कोटी वॅटच्या वर जाते. सेकंदाला असे 1000 स्पंद सोडले तरी सरासरी भरते 1 मिलिवॅट, म्हणजे प्रेझेंटेशनच्या लेझर पॉइंटरइतकी! शिवाय तीव्रता दहापट केली की अशा इलेक्ट्रॉनांची संख्या साधारण हजारपट होते.

इलेक्ट्रॉन बाहेर पडायला किती वेळ लागतो? बरीच वर्षं उत्तर होतं, 'लगेच'. 2007 मध्ये जर्मनीत फेरेन्क क्राउझ आणि सहकाऱ्यांनी टंगस्टनवर अ‍ॅटोसेकंद स्पंद मारून हा वेळ तपासला. या स्पंदांचे फोटॉन इतके दमदार की एकच पुरतो. तरीही अणूच्या आतल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन मोकळ्या इलेक्ट्रॉनांपेक्षा सुमारे 100 अ‍ॅटोसेकंद उशिरा आले. तेवढ्यात प्रकाश फक्त 30 नॅनोमीटर जातो. क्राउझ 2023 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. हा उशीर पृष्ठभागापर्यंतच्या प्रवासात होतो की स्फटिकाच्या रचनेमुळे, यावर नंतर बराच खल झाला.