राजाज्ञा आणि सदसद्विवेक

ख्रिस्ती धर्मग्रंथात राज्यसत्तेविषयी दोन उपदेश असे आहेत की, ते शेजारी ठेवून वाचले असता वाचक क्षणभर बुचकळ्यात पडतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की, अधिकार हा मुळात ईश्वराकडून आलेला असल्यामुळे प्रत्येकाने सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहावे, कर भरावा, मान राखावा. उलटपक्षी, प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र न्यायसभेची उपदेशबंदी साफ झुगारून देतो. कारण मनुष्याच्या हुकमाहून देवाचा हुकूम त्यास श्रेष्ठ वाटतो. ह्यावरून पुढील काळात दोन पक्ष पडले. राजनिष्ठांनी पौलाचा आधार घेतला, प्रतिकार करणाऱ्यांनी पेत्राचा. परंतु एक गोष्ट बहुधा दोहोंच्या नजरेतून निसटते. पौल जे आज्ञापालन सांगतो ते केवळ दंडाच्या भीतीने नव्हे, तर सदसद्विवेकास स्मरून करावयाचे आहे. म्हणजे पेत्राचा नकार ज्या मुळातून निघतो, त्याच मुळातून पौलाचा होकारही निघतो. आणि परंपरा अशी की, नीरोच्या अमदानीत राज्यसत्तेने दोघांचेही प्राण घेतले.

हिंदुस्थानात इंग्रजी अमलाखाली ह्या उपदेशांपैकी पहिला मोठ्याने वाचला गेला व दुसरा हळू आवाजात, असे म्हणण्यास हरकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ब्रिटिशेतर मिशनसंस्थांकडून असे अभिवचन घेण्यास प्रारंभ केला की, त्यांची माणसे कायद्याने स्थापित झालेल्या सरकारास योग्य तो मान व आज्ञाधारकपणा दाखवतील. त्या वेळच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आज ज्याचा काही भाग नंदुरबार जिल्ह्यात मोडतो त्या मुलखात, अमेरिकेतून आलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काम करीत होते. ते अशा ब्रिटिशेतर संस्थांपैकीच एक होय. ह्या मंडळींस भित्री म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. सरकारची मर्जी फिरली असती तर त्यांस देश सोडावा लागला असता आणि रानावनातील त्यांचे काम बंद पडले असते. मदुरेकडील अमेरिकन मिशनरी राल्फ कीथान ह्यांनी गांधीजींचे इंग्रज स्नेही रेजिनाल्ड रेनॉल्ड्स ह्यांचा पाहुणचार केला, एवढ्यावरून 1930 साली त्यांस हिंदुस्थान सोडावा लागला. तथापि ह्या अभिवचनात एक खोच होती. सरकारास केवळ कायद्याचे पालन नको होते. मौनही हवे होते.

हे मौन महाराष्ट्रात एका स्त्रीने मोडले. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण आपली विवेकबुद्धी त्यांनी कोणाच्या हवाली केली नाही. सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हाच वाद पुन्हा पुन्हा येतो: गुरुजनांचा आदर करीन, परंतु माझा निर्णय मीच करीन. चर्चपुढे जी बाई अशी उभी राहिली, ती सरकारपुढे वाकेल हे संभवनीय नव्हते. 1897 साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त सुरू असता त्यांच्या संस्थेतील एक मुलगी नियमाप्रमाणे प्लेगच्या इस्पितळात नेण्यात आली. तेथील गैरव्यवस्था व स्त्रियांची असुरक्षितता ह्यांविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' ह्या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. प्रकरण विलायतेपर्यंत गाजले, आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी आरोप नाकारले. त्याच वर्षी पुढे टिळकांस राजद्रोहाबद्दल 18 महिन्यांची शिक्षा झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळची हवा कळते. रमाबाईंनी प्लेगच्या नियमाविरुद्ध बंड केले नाही. मुलगी नेली गेली. परंतु सर्व काही ठीक आहे असे म्हणण्यास मात्र त्या तयार झाल्या नाहीत.

दुसरे उदाहरण व्हेरियर एल्विन ह्यांचे. ऑक्सफर्डचा हा तरुण धर्मोपदेशक 1927 साली फादर विन्स्लो ह्यांच्या पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, आणि थोड्याच काळात गांधीजींच्या चळवळीकडे ओढला गेला. 1930 साली त्याने ख्रिस्त व सत्याग्रह ह्यांची सांगड घालणारी पुस्तिकाही प्रसिद्ध केली. 1932 च्या जानेवारीत मुंबईस मणिभवनात गांधीजींस अटक झाली तेव्हा एल्विन व त्यांचे मराठी ख्रिस्ती सहकारी शामराव हिवाळे त्याच घरात होते. त्याच महिन्यात ते दोघे मंडला जिल्ह्यातील गोंडांत राहावयास गेले. तेथे धर्मोपदेशकाचे काम करण्यास नागपूरच्या बिशपांचा परवाना लागे, आणि परवान्यासाठी बादशहाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. एल्विन ह्यांनी ती नाकारली. सरकारचे पहारेकरी दारात उभे नसता चर्चनेच बादशहाचा पहारा करावा, हा देखावा कोणाही श्रद्धावंतास विषण्ण करणारा आहे.

परंतु ह्याच गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. त्याच वर्षी विलायतेस गेलेल्या एल्विन ह्यांस परत येण्याचा परवाना मिळेना. शेवटी राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, असे वचन त्यांनी दिले व ते गोंडांकडे परतले. ज्याने शपथ नाकारली त्याने वचन कसे दिले? काहींस ह्यात शरणागती दिसेल. मला ह्यात एक सूक्ष्म पण खरा भेद दिसतो. वचन हे आचरणाविषयी होते: अमुक करणार नाही. शपथ ही अंतःकरणाविषयी होती: जी निष्ठा मनात नाही ती आहे असे सांगा. पहिल्याने माणसाचे हात बांधले जातात. दुसऱ्याने त्याची जीभ खोटी होते. पौलाने सांगितलेले कर, मान, अधीनता हे सर्व आचरणाच्या कक्षेतील आहे. राज्यसत्तेने कर मागावा. कबुली मागू नये.

ह्यावर आक्षेप असा की, ज्याने त्याने स्वतःचा विवेक पुढे केला तर राज्य चालणार कसे? आक्षेप पोकळ नाही. हट्टही पुष्कळदा विवेकाची वस्त्रे नेसून येतो. पण खऱ्या विवेकाची ओळख अगदीच अवघड नाही. तो उघडपणे बोलतो, स्वतःची झीज सोसतो आणि नकाराबद्दल येणारा दंड चुकवीत नाही.

मात्र परकीय राजापुढे ताठ उभ्या राहणाऱ्याची स्तुती करणे सोपे. खरी कसोटी स्वकीय राज्याची. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर तेथील रहिवाशांस पोर्तुगीज नागरिकत्व राखण्याची मुभा देण्यात आली. मोन्सिन्योर रेमेदियुश मोंतेरू ह्या गोमंतकीय धर्मगुरूंनी ती स्वीकारली. पुढे परकीय नागरिक म्हणून मिळालेल्या वास्तव्यपरवान्याची मुदत संपली, तेव्हा तो वाढवून मागण्यास त्यांनी नकार दिला. त्यांस 30 दिवसांची साधी कैद व 50 रुपये दंड झाला, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. गोव्याच्या मुक्ततेविषयी त्यांची भूमिका मला मुळीच मान्य नाही. पण राज्याने येथे शिक्षा केली ती नियमभंगाची. भारतनिष्ठेची शपथ त्यांच्या मुखातून वदवून घेतली नाही. दोन्ही पक्षांनी आपापली मर्यादा राखली, असेच म्हटले पाहिजे.

1986 साली केरळातील तीन मुलांच्या खटल्यात हाच भेद न्यायालयाच्या मुखातून व्यक्त झाला. यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातील ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. म्हणून त्यांस शाळेतून काढले होते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी ह्यांच्या पीठाने त्यांस परत घेण्याचा आदेश दिला. उभे राहण्यात मान होता. गाणे हा त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न होता. आपल्या संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य धर्मस्वातंत्र्याच्या अगोदर उच्चारलेले आहे, आणि लगेच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य ह्यांच्या मर्यादाही घातलेल्या आहेत. पौल व पेत्र ह्यांस एका वाक्यात बसवण्याचा हा प्रयत्नच होय.

एक फरक मात्र पौलाच्या वाचकांत व आपल्यात आहे. रोमच्या त्या गरीब मंडळींनी नीरोस निवडून दिले नव्हते. आजचा नागरिक, मग तो नवापूरकडचा ख्रिस्ती आदिवासी असो वा अन्य कोणी, स्वतःच सत्तेचा भागीदार आहे. म्हणून त्याच्या आज्ञापालनात रमाबाईंचे ते पत्र लिहिणेही येते. पाहिले ते सांगणे हा त्याच्या राजनिष्ठेचाच भाग ठरतो. नंदुरबारात 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. त्यांच्या नकारास हे गाव आजही वंदन करते. मग आपल्या स्वतःच्या राज्यात, आपल्यास न पटणाऱ्या कारणासाठी, कोणी शांतपणे नाही म्हटले, तर त्याचे म्हणणे निदान पुरते ऐकून घेण्याइतका धीर आपल्यापाशी असावयास हवा.