बंद दार
टॅलिथलिन रेल्वेच्या पेन्ड्रे कारखान्यात दर सुट्टीत मी जुन्या डब्यांचा रंग खरवडतो. बाबा माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते. रंध्याचा आवाज मला घरचाच.

वेल्समधली ही सव्वादोन फुटी लाइन पाटीचा दगड वाहायला घातलेली. १८६६ मध्ये तपासणीला आलेल्या कॅप्टन टायलरांना आढळलं, की पुलांखाली डब्याच्या दोन्ही बाजूंना जागा फारच कमी. मग रूळ एका अंगाला सरकवले आणि अरुंद बाजूची दारं कायमची बंद केली. किती साधा उपाय!

१९५० मध्ये मालक सर हेडन जोन्स वारले. पुढच्याच वर्षी टॉम रोल्ट आणि सोबत्यांनी गाडी चालवायला घेतली; स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली ही पहिली रेल्वे. त्या न उघडणाऱ्या दारांनाही आम्ही तेवढ्याच निगुतीनं पॉलिश करतो.