घाटाखालचा मुलूख कोणत्या पुस्तकात आहे?

पोस्ट थोडी लांब आहे, पण सवडीनं वाचा.

भाषावार राज्यं कशी झाली यावर गेल्या काही वर्षांत चांगली पुस्तकं आली. रामचंद्र गुहांच्या 'इंडिया आफ्टर गांधी'मध्ये (२००७) आंध्राची आणि मुंबईची गोष्ट आहे. लुईस टिलिन यांचं 'रीमॅपिंग इंडिया' (२०१३) छत्तीसगड, झारखंड, उत्तराखंड वेगळे कसे झाले ते सांगतं. वाचावीत अशीच आहेत दोन्ही. पण सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाचा प्रश्न ती वाचूनही उरतोच : आपल्या घरात मराठी, पोळा-मारबत आपला, मंग आपण मध्य प्रदेशात काहून?

उत्तर एका शब्दात आहे. जिल्हा.

१९५६ पर्यंत हा प्रश्नच नव्हता. मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर, हायकोर्टही नागपुरात. छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात. या जिल्ह्याचे जुन्या काळापासून दोन भाग : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर हिंदी आणि गोंडी. घाटाखाली सौंसर तहसील, काळी जमीन, कापूस आणि मराठी. पांढुर्णा तेव्हा याच तहसिलीत.

डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला : फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर. ३० सप्टेंबर १९५५ ला त्यांचा अहवाल आला. आयोगानं सर्वसाधारणपणे जिल्हा हाच घटक धरला. गावागावाची भाषा पाहून रेघ ओढायची नाही, असं त्यांचं धोरण. त्यांनी सुचवलेल्या वेगळ्या विदर्भात आठ जिल्हे होते : नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. विदर्भ काही झाला नाही, पण हेच आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. छिंदवाडा अख्खा जिल्हा म्हणून मोजला गेला, आणि अख्ख्या जिल्ह्यात मराठी कमी. झालं. घाटाखालचे लोक घाटावरच्यांसोबत नव्या मध्य प्रदेशात राहिले.

आमचे आजोबा म्हणायचे, "आपण कुठं गेलो नाही बाप्पा, राजधानीच उठून गेली." पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर, भोपाळ अडीचशेच्या वर. हायकोर्ट गेलं जबलपूरला. ज्याचं वावराचं भांडण वरपर्यंत गेलं, त्याला हा नकाशा खिशातून कळला. दुकानदाराचा माल, दवाखाना, सोयरीक मात्र नागपूर-काटोल-नरखेडकडेच राहिली.

मंग पुस्तक का नाही? मला वाटतं, कारण आपल्याकडं मोठं भांडण झालं नाही. बेळगावचा वाद पेटला म्हणून १९६६ मध्ये महाजन आयोग बसला, २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, आणि प्रत्येक टप्प्यावर कागद तयार झाला. इतिहासकार कागदामागं जातो. जिथं लोकांनी मुकाट्यानं नवी शाळा, नवी कचेरी, नवी भाषा अंगवळणी पाडली, तिथं फाइल बनत नाही. आपलं नाव बातमीत येतं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवरच्या गोटमारीत, पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात तेव्हा. बाकीचे ३६४ दिवस आपण बातमीतही नाही आणि पुस्तकातही नाही.

मात्र लिहायचंच तर सगळं लिहा. हा मुलूख फक्त मराठी माणसाचा नाही. आधी देवगडच्या गोंड राजांचा. ज्या नागपूरकडं आपण डोळे लावून बसतो ते शहरही देवगडच्याच बख्त बुलंद शाहनं वसवलं. भोसले त्यानंतरचे, इंग्रज १८५३ नंतरचे. गोंडी बोलणाऱ्याला तर १९५६ मध्ये कोणी राज्यच दिलं नाही. आपलं दुःख मांडताना त्याला विसरलो, तर आपणही जिल्हा मोजणाऱ्यांसारखेच झालो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. म्हणजे घाटाखालचा मुलूख पहिल्यांदाच स्वतः जिल्हा झाला. ज्या मापानं १९५५ मध्ये आपल्याला मोजलं गेलं, ते माप आता आपल्या नावाचं आहे. आज ना उद्या नव्या जिल्ह्याची माहितीपुस्तकं निघतील. त्यात हनुमानाचं जामसावळी येईल, संत्री येतील, गोटमार येईल. १९५६ येईल का, हे आपल्यावर आहे.

त्या साली जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना विचारा : शाळेत मराठीची हिंदी कधी झाली? कोर्टाचा कागद कोणत्या भाषेत यायचा? नागपूर-छिंदवाडा छोट्या गाडीनं बाजाराला कोण जायचं? ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली, तिच्या गोष्टीही चालल्या. घरात मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका, आधी फोटो काढा. सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि साल त्याला विचारून वहीत लिहा. आजोबा गेले तेव्हा आमच्याकडं त्यांचं ते एक वाक्य उरलं. तुमच्या घरी माणूस अजून बसला असेल, तर आजच विचारा.