मुठीतले खाद्य, तळ्यातले पाणी : मत्स्यशेतीचा एक विसरलेला हिशेब

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे रचल्या गेलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणते अन्न रुचते, याचा विचार त्यात केलेला आढळतो. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. माशाला खाऊ घालण्याची विद्या आपल्याकडे इतकी जुनी आहे. त्या अन्नाचे पाण्यात पुढे काय होते, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकात ऐरणीवर आला.

पारंपरिक तळ्यात शेणखतावर प्लवक वाढे आणि प्लवकावर मासे पोसले जात. माशांची संख्या बेताची असल्याने त्यांची विष्ठा तळेच जिरवत असे.

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले आणि मत्स्यबीजाची टंचाई दूर होण्याचा मार्ग खुला झाला. १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे कटला, रोहू, मृगळ एकत्र वाढवण्याची मिश्र मत्स्यशेती रुजली. तळ्यातील गर्दी वाढली, तसा पेंड, कोंडा आणि नंतर गोळीखाद्य यांचा वापरही वाढला.

येथे थोडे गणित करावे. ३० टक्के प्रथिने असलेल्या १०० किलो खाद्यात सुमारे ४.८ किलो नायट्रोजन असतो. त्यातील साधारण पाव ते तिसरा हिस्साच माशाच्या शरीरात साठतो. उरलेला, म्हणजे तीन किलोंहून अधिक, पाण्यात उतरतो. बराचसा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने, तर काही विष्ठा व न खाल्लेल्या खाद्यातून. जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, पण त्यासाठी ते पाण्यातील प्राणवायू खर्च करतात. नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाल्याने शेवाळ माजते. दुपारी त्याच्या प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्याचा सामू चढतो आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू शोषते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. वर्षभराची कमाई अशा एका पहाटे बुडू शकते.

हानी तळ्याच्या बांधापुरती राहत नाही. किनारपट्टीवरील कोळंबी प्रकल्पांच्या सांडपाण्याचा व खारावलेल्या जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने किनारी नियमन क्षेत्रातील अशा प्रकल्पांवर कठोर निर्बंध आले. त्यानंतर २००५ साली किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला.

शास्त्रज्ञांनी दुसरी वाटही शोधली. इस्रायलचे योराम अव्हनिमेलेख यांनी १९९९ साली मांडले, की पाण्यात कर्बयुक्त पदार्थ घालून कर्ब-नायट्रोजन प्रमाण वाढवले, तर जीवाणू अमोनिया स्वतःच्या शरीरात बांधतात आणि ते जीवाणूच पुन्हा माशांचे अन्न होतात. हेच बायोफ्लॉकचे तत्त्व. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत त्याला अनुदान मिळाले. मात्र या पद्धतीत हवा सतत खेळती ठेवावी लागते. वीज काही तास गेली तरी टाकीतील मासे संकटात येतात.

तंत्र कोणतेही असो, पाण्यात टाकलेला नायट्रोजन नाहीसा होत नाही, तो फक्त रूप बदलतो. म्हणून खाद्याच्या वहीत किती गोण्या रिकाम्या झाल्या याच्या शेजारी त्या दिवसाचा अमोनिया, सामू आणि पहाटेचा प्राणवायूही लिहिला गेला पाहिजे. माशाचे पोषण कोठे संपते आणि पाण्याचे प्रदूषण कोठे सुरू होते, हे त्या नोंदींतूनच कळते.