पोरांनी टिकवलेलं गाणं

फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शाळाशाळांतून कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे कार्यक्रम होतात. भाषणं असतात, नाटुकली असतात. पण ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ सुरू झालं की सभागृह उठून उभं राहतं. हे गाणं मुळात शाळेतल्या मुलांनी गाण्यासाठीच रचलेलं.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची स्टँटन ही काळ्या मुलांची शाळा. मुख्याध्यापक जेम्स वेल्डन जॉन्सन, वय अवघं अठ्ठावीस. १२ फेब्रुवारी १९०० रोजी गुलामगिरी संपवणारे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची जयंती साजरी व्हायची होती. जॉन्सनना लिंकनवर कविता लिहायची होती, पण ती काही जमेना. मग भाऊ रोझामंडच्या सोबतीनं गाणं करायचं ठरलं. पहिलं कडवं त्यांनी घासूनपुसून लिहिलं. पुढची मात्र कागद-पेन्सिल न घेता, ओसरीवर येरझारा घालत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना सुचत गेली. आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणानं सांगितलंय. रोझामंडनं चाल बांधली आणि पाचशे मुलांनी ते गायलं. गुलामगिरी कायद्यानं संपून पस्तीस वर्षं होत होती, पण दक्षिणेतल्या राज्यांत आता काळ्यांसाठी वेगळ्या शाळा, रेल्वेत वेगळे डबे आणि मताच्या हक्कावर टाच होती. लिंकनच्या जयंतीला लिहिलेल्या या गाण्यात लिंकनचं नावही नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

पुढच्याच वर्षी मोठ्या आगीत गाव जळालं, शाळाही जळाली. दोघे भाऊ न्यूयॉर्कला गेले, ब्रॉडवेच्या गाण्यांत गुंतले आणि हे गाणं विसरलेही. पोरं विसरली नाहीत. ती गात राहिली, दुसऱ्या शाळांत गेली, काही स्वतः शिक्षक झाली आणि आपल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागली. चर्चच्या भजनपुस्तकांत मागच्या पानावर ते चिकटवलं जाऊ लागलं. वीस वर्षांत ते दक्षिणेत सर्वदूर पोचलं.

१९१९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’नं ते आपलं गीत म्हणून स्वीकारलं. जॉन्सन तेव्हा त्याच संस्थेत होते, म्हणून वशिल्याची शंका यावी. पण गाणं तोवर त्यांच्या हाताबाहेर गेलेलं होतं. खुद्द अमेरिकेचं राष्ट्रगीत तेव्हा अजून कायद्यानं ठरायचं होतं. ते ठरलं १९३१ साली.

१९२६ मध्ये इतिहासकार कार्टर वुडसन यांनी काळ्यांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला आणि लिंकन जयंतीचाच आठवडा निवडला. त्याचा महिना झाला १९७६ मध्ये. शाळांना गाणं शोधावं लागलं नाही. शिक्षकांना ते पाठच होतं.