खोतीचा कायदा आणि कायदेमंडळातली खुर्ची

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या जमिनीवरचा माणूस कायदेमंडळात पोहोचला होता, पण तो नांगरधारी नव्हे, खोत. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरणारा वतनदार. कुळानं कसावं आणि भाताचा निम्मा, डोंगरउतारावरच्या वरकस पिकाचा तिसरा हिस्सा खोताच्या कोठारात घालावा, ही सर्वसाधारण रीत. वेठ वेगळीच.

विश्वनाथ नारायण मंडलिक दापोली तालुक्यातल्या मुरुडचे, खोत घराण्यातले. जन्म १८३३. वकिली आणि ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे वृत्तपत्र यांतून नाव झालं, आणि १८७४ साली सरकारनं त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलं. गाव मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मुरुडच्या वसाहतीची हकीकत सांगणाऱ्या एका जुन्या कागदावर त्यांनी निबंध लिहिला होता. गाव कोणी वसवलं याची अशी आस्था असलेला माणूस खोतांच्या बाजूनं बोलला, तर त्यात नुसता स्वार्थ पाहू नये. पण त्याच सभागृहात कुळाचं म्हणणं मांडायला कूळ नव्हतं, एवढं नोंदवलंच पाहिजे.

१८८० चा खोती कायदा या वातावरणात आला. जुन्या कुळांचे हक्क त्यानं लेखी मान्य केले आणि खोतालाही जागेवर ठेवलं. पुढे त्यात कुळाच्या बाजूनं दुरुस्ती होऊ लागली, तेव्हा लोकमान्य टिळकांनी विरोध केला. त्यांचं घराणं दापोलीजवळच्या चिखलगावचं, तेही खोतांचंच. परकीय सरकारला अडवणं आणि कुळाला अडवणं, या दोन गोष्टी त्या काळी इतक्या जवळ आल्या होत्या.

खुर्चीवरचा आवाज बदलला तो १७ सप्टेंबर १९३७ ला. मंडणगडजवळचं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नाहीशी करण्याचं विधेयक मुंबई विधानसभेत मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. कोकणातली कुळं बोटीनं आली होती. विधेयक पारित झालं नाही. खोती कायद्यानं गेली ती १९५० साली, आणि तरीही कसणाऱ्याला मालकी मिळायला १ एप्रिल १९५७ चा कूळकायद्यातला कृषकदिन यावा लागला. त्यानंतरही सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी अनेकांना तहसील कचेरीत हेलपाटे घालावे लागले.