चवथीतली सही

चवथीला मूळ घरात सगळं कुटुंब जमतं. मुंबईहून, आखातातून भाऊबंद येतात, सासरहून बहिणी येतात. माटोळीखाली आरत्या होतात, पातोळ्या होतात आणि मग कुणीतरी हळूच विषय काढतं, "सगळे आहेतच, तर ते घराचं एकदा मिटवून टाकूया." वकिलाने करून दिलेला कागद पुढे येतो. बहीण विचारते, "सही कुठं करू?" कागदात काय आहे, हे ती बहुधा विचारत नाही.

गंमत अशी की तिला समान वाटा देणारा कायदा गोव्यात दीडशे वर्षांहून जुना आहे. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १ जुलै १८७० पासून इथे लागू झाला. त्यात वारसा वाटताना मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. मृत्युपत्र करायचं तरी मुलं असतील तर अर्ध्याच मिळकतीवर मोकळीक. उरलेली अर्धी, म्हणजे 'लेजितिमा', वारसांसाठी राखीव. बाकीच्या देशात हिंदू मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क सरसकट मिळायला २००५ साल उजाडलं. मुक्तीनंतरही इथला कायदा चालू राहिला. पुढे गोव्याने २०१२ चा स्वतःचा उत्तराधिकार कायदा केला आणि तो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला, तेव्हाही ही चौकट टिकली.

वाटणीची रीत म्हणजे 'इन्व्हेंतार'. 'काबेस-द-काझाल', बहुधा मागे राहिलेला पती किंवा पत्नी, शपथेवर मिळकतीची आणि कर्जाची यादी देतो. मग वारस आणि त्यांचे जोडीदार यांना एकत्र बोलावतात. जमलं तर तशी वाटणी होते. नाही जमलं तर 'लिसितासांव', म्हणजे वारसांची आपापसातली बोली. वाट्यापेक्षा जास्त घेणाऱ्याने बाकीच्यांना फरकाचे पैसे द्यायचे, त्याला 'तोर्नाश' म्हणतात. समजा, आईवडील दोघेही गेले. घर साठ लाखांचं, कुळागर तीस लाखांचं आणि भावंडं तीन. एकाने घर घेतलं, दुसऱ्याने कुळागर घेतलं, तर बहिणीला घर घेणाऱ्याकडून तीस लाख यायला हवेत.

मध्यस्थी हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी समोरासमोर बसून मिटवण्याची ही सोय होती. मग चवथीतल्या त्या कागदात बहिणीचे तीस लाख कुठे जातात? इथे वकिलाकडे बघावं लागतं.

कागद करणारा वकील बहुधा थोरल्या भावाचा असतो. पण बैठकीत तो 'आमच्या घरचा वकील' म्हणून बसतो. खरी खोट तिथेच. आपण कुणाचे वकील आहोत हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगायला हवं आणि "बाई, तुम्ही तुमचा वकील बघा" हे दुसऱ्या वाक्यात. एका बाजूला सल्ला दिल्यावर त्याच वादात विरुद्ध बाजूचं काम घ्यायचं नाही, निकालावर ठरणारी फी घ्यायची नाही, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमच सांगतात. वाटणीतल्या जमिनीचा तुकडा फी म्हणून मागणारा वकील तडजोड कुणासाठी करील?

चांगला वकील बैठकीआधीच निम्मं काम करतो. सगळे उतारे जमवतो, आजची किंमत काढतो, प्रत्येकाचा वाटा आकड्यात मांडतो. बैठकीत मात्र आपल्या पक्षकाराला बोलू देतो. कारण भांडण पुष्कळदा भिंतींचं नसतंच. आईच्या आजारपणात रात्री कुणी जागवल्या, देवाचा खर्च इतकी वर्षं कुणी उचलला, हे एकदा मोकळेपणाने बोललं गेलं की आकडे सैल होतात. असं बोलता यावं म्हणूनच २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात बैठकीतल्या बोलण्याची गुप्तता आहे.

बहिणीने वाटा सोडूच नये, असं नाही. माहेर तुटू नये म्हणून, भावाची ओढाताण बघून अनेकजणी तो राजीखुषीने सोडतात आणि कायदा त्यांना अडवत नाही. पण आपण तीस लाख सोडतो आहोत हे ठाऊक असताना सोडलं तर ते देणं. ठाऊक नसताना सोडलं तर ती फसवणूक, आणि कधीतरी भाच्याच्या हाती जुना कागद लागला की ती कोर्टात येते. मग पुढच्या चवथीला माटोळी तीच असते, माणसं मात्र कमी होतात.